शोधनिबंधाची संदर्भसूची: नियम, पात्र संदर्भ आणि सोबत जोडायची कागदपत्रं

दापोलीच्या कृषी विद्यापीठात काय किंवा रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात काय, निबंध लिहून होतो, गाइड होकार देतात, आणि मग सादर करायच्या आदल्या रात्री संदर्भसूची लावायला घेतली जाते. इथेच घोळ होतो. संशोधन पत्रिकेकडे गेलेला निबंध तज्ज्ञांच्या हाती पडण्याआधी त्याची तांत्रिक छाननी होते. तिथे तुमचे निष्कर्ष कोणी तपासत नाही. मजकुरातले उल्लेख आणि शेवटची यादी जुळते का, एवढं पाहतात. माझा एक निबंध एका वर्षाच्या फरकावरून परत आला होता. मजकुरात 2016, यादीत 2017. चूक अर्थात माझीच.

पत्रिका आधी ठरवा, कारण संदर्भ लिहिण्याची शैली तीच ठरवते. कृषी आणि मत्स्य शाखेत पहिला प्रश्न असतो ‘नास रेटिंग किती?’, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं त्या पत्रिकेला दिलेले गुण. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य पत्रिकांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पत्रिका योग्य की अयोग्य हे संस्थेच्या पातळीवर ठरतं. म्हणून विभागात विचारून घ्या. मग त्या पत्रिकेच्या ‘लेखकांसाठी सूचना’ उतरवून घ्या आणि तिच्या ताज्या अंकातला एखादा निबंध शेजारी उघडा. सूचना जुन्या आणि अंक नवा, असंही होतं. दोन्हींत तफावत दिसली तर संपादकांना दोन ओळींची ईमेल करावी. काही मोठे प्रकाशक पहिल्या सादरीकरणाला कोणतीही शैली चालवून घेतात, फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी.

शैली मुख्यतः दोन जातीच्या. पहिली लेखक-वर्ष पद्धत: मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष, शेवटी वर्णक्रमाने यादी. एपीएची, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीची, सातवी आवृत्ती याच घरातली. तिच्यात तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) लिहायचं, यादीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन निबंध असतील तर वर्षापुढे ए, बी लावायचे, यादीत आणि मजकुरातही. दुसरी क्रमांक पद्धत. 1978 साली वैद्यकीय संपादक व्हँकूव्हरला जमले, त्यातून व्हँकूव्हर शैली आली. जो संदर्भ मजकुरात पहिला येतो तो 1, आणि पुढे कुठेही आला तरी त्याचा क्रमांक 1च. प्रस्तावनेत ऐनवेळी एक संदर्भ घुसवला की पुढचे सगळे सरकतात. हातानं क्रमांक घालणाऱ्याची रात्र तिथेच जाते.

आता पात्रतेचं, म्हणजे यादीत काय बसतं. पत्रिकेतले निबंध, पुस्तकं, प्रबंध, शासकीय अहवाल, डेटासंच हे सगळं बसतं. अहवालावर व्यक्तीचं नाव नसेल तर लेखकाच्या जागी खातं किंवा संस्था येते. 1880 चा रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर तुम्ही आज संकेतस्थळावर वाचलात, तरी मूळ प्रतीची स्कॅन असेल तर वर्ष 1880च राहतं. पत्ता वेगळा द्यायचा. मराठी पुस्तक इंग्रजी निबंधात घेताना एपीए शैलीत नाव रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ देतात. ज्या निबंधाचा तुम्ही फक्त सारांश पाहिलात किंवा जो दुसऱ्याच्या निबंधात उद्धृत झालेला दिसला, तो मिळवून वाचा, नाहीतर ‘अमक्यात उद्धृत’ असं सरळ लिहा.

हर्णै बंदरावर एखाद्या जाणत्या तांडेलानं (होडीच्या म्होरक्यानं) सांगितलेली गोष्ट कुठे घालायची, हा इकडचा नेहमीचा प्रश्न. तो संवाद सुटा असेल तर तो ‘व्यक्तिगत संवाद’. एपीएत तो तारखेसह फक्त मजकुरात येतो, यादीत येत नाही. वैद्यकीय पत्रिका त्यासाठी लेखी परवानगीही मागतात. पण प्रश्नावली घेऊन तुम्ही चाळीस मच्छीमारांना भेटला असाल, तर ती तुमची स्वतःची आधारसामग्री झाली. ती पद्धतीच्या भागात मांडायची, तिला संदर्भ म्हणायचं नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

तसाच घोटाळा शास्त्रीय नावांचा. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कनागुर्टा, पुढे कंसात क्युव्हिए, 1816. हा कंस संदर्भाचा नव्हे! जातीचं पहिलं वर्णन वेगळ्या प्रजातीखाली (जीनसखाली) झालं असेल तर वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात टाकायचं, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे. बांगडा आधी स्कॉम्बर प्रजातीत होता. तारलीच्या सार्डिनेला लाँगिसेप्सपुढे व्हॅलेन्सिएन, 1847 हे कंसाविनाच येतं. आंब्याच्या नावापुढचा एकटा ‘एल.’ म्हणजे लिनियस. वर्गीकरणाच्या पत्रिका या मूळ ग्रंथांचे संदर्भ कधी कधी मागतात, एरवी त्यांना यादीत जागा नाही. विद्यार्थी मात्र क्युव्हिएसाहेबांना हमखास यादीत बसवतात.

नावांवर जरा थांबतो. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली रीत. संदर्भ लावणारं सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. जुन्या भारतीय पत्रिकांत आडनाव आधी छापलेलं असतं, तिथे आद्याक्षरंच आडनाव होऊन बसतात. प्रभुदेसाई एका ठिकाणी एक शब्द, दुसरीकडे दोन. मग तोच माणूस यादीत पी खाली आणि डी खालीही. मूळ निबंधावर जसं छापलंय तसंच ठेवा. स्वतःसाठी एकच रूप ठरवा आणि ऑर्किड क्रमांक काढा (फुलाशी संबंध नाही, संशोधकाची सोळा अंकी ओळख आहे, फुकट मिळते). लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं आधीचं आणि नंतरचं काम त्यानं एकत्र राहतं.

झोटेरो हे संदर्भ साठवणारं आणि लावणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा, पण त्यानं ओढलेली माहिती जशीच्या तशी स्वीकारू नका. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येतं, शास्त्रीय नावांची तिरपी अक्षरं सरळ होतात, पानांचे आकडे गायब असतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे 10 पासून सुरू होणारा निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, उघडून पाहा. एआयकडून घेतलेला संदर्भ तर उघडल्याशिवाय ठेवूच नका. खऱ्या वाटणाऱ्या नावांचे, अस्तित्वातच नसलेले निबंध तिथून सर्रास मिळतात. मूळ निबंध मागे घेतला गेलाय का, तेही त्याच वेळी दिसतं. सादर करताना मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रतीतले सॉफ्टवेअरचे दुवे तोडून साधा मजकूर करा.

सोबत जोडायचं: संपादकांना पत्र, सगळ्या लेखकांच्या सहीचं घोषणापत्र, हितसंबंधांचं निवेदन, दुसऱ्याचा नकाशा किंवा आकृती घेतली असेल तर परवानगीपत्र. लेखकांची ओळख झाकून परीक्षण होत असेल तर नावांचं पान वेगळं द्या आणि ‘आम्ही आधी दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्यं बदला. यादीमुळे वाङ्मयचौर्य तपासणीतली साम्याची टक्केवारी वाढेल या भीतीनं संदर्भ कापू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत संदर्भसूची मोजणीतून वगळलेली आहे.

स्वीकृतीनंतर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, येतं, बरोबर प्रश्नांची यादी: अमुक संदर्भाचं पान नाही, तमुक मजकुरात सापडत नाही. उत्तराला बहुधा दोन-तीन दिवसच देतात. गणपतीत गावी जाणार असाल आणि घरी रेंज नसेल, तर पत्रव्यवहाराचा पत्ता शहरात राहणाऱ्या सहलेखकाचा द्या.