सोलापूर स्टेशनावर बचत गटाचा स्टॉल लावायचाय? आधी जागा कुणाची ते समजून घ्या

कुमठ्याच्या एका बचत गटातल्या तिघी जणी मागे माझ्याकडे आल्या होत्या. हातात शेंगा चटणीची दोन पाकिटं आणि कागदांची पिशवी. पिशवीतून निघाला पाचशे रुपयांचा स्टँप पेपर. त्यावर लिहिलं होतं की प्लॅटफॉर्मवरची स्टॉलची जागा गटाला 'चालवायला दिली', डिपॉझिट वीस हजार, महिन्याचं भाडं वेगळं. सही करणारा माणूस ना रेल्वेचा, ना त्याच्या नावावर कुठला स्टॉल. वीस हजार गेले. गटाच्या दोन वर्षांच्या बचतीतले ते पैसे होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

स्टेशनावरची एक फूट जागासुद्धा कुणाला विकत मिळत नाही, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला ती पुढे भाड्याने देता येत नाही. तुम्हाला जे मिळतं ते ठराविक मुदतीचं, तुमच्याच नावाचं परवानापत्र. बाकी सगळा कागद रद्दी.

मालक कोण, सांभाळतो कोण

रेल्वे हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय आहे. स्टेशन, रूळ, प्लॅटफॉर्म, पार्किंगची जागा, रेल्वे लाईन्समधले बंगले, ही सगळी मालमत्ता केंद्र सरकारची, रेल्वे मंत्रालयाच्या ताब्यातली. सोलापुरात 1860 साली गाडी आली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) नावाच्या खासगी कंपनीची. 1925 मध्ये त्या कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला आणि 1951 मध्ये मध्य रेल्वे उभी राहिली. आज मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत सीएसएमटीला आहे आणि आपल्याकडचा कारभार सोलापूर विभाग बघतो. त्याचे प्रमुख विभागीय रेल्वे व्यवस्थापक, म्हणजे आपण ज्यांना डीआरएम म्हणतो ते. पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, एवढंच काय, कर्नाटकातलं कलबुर्गीही याच विभागात येतं. उलट होटगीहून विजयपूरकडे फुटणारी लाईन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची. त्यामुळे पंढरपूरला स्टॉल हवा असेल तर अर्ज सोलापुरात द्यायचा, विजयपूरला हवा असेल तर हुबळीला.

मालक एकच असला तरी सांभाळणारे हात बरेच आहेत. फूड प्लाझा, जन आहार यांसारखी मोठी खानपान केंद्रं आयआरसीटीसीकडे, म्हणजे रेल्वेच्याच खानपान आणि पर्यटन कंपनीकडे. चहा-वडापावचे छोटे स्टॉल आणि ट्रॉल्या 2017 च्या खानपान धोरणानुसार रेल्वेच्या विभागाकडे. पार्किंग, जाहिरातीचे फलक, पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं ठेकेदाराकडे, पण ठेका देणारा विभागच. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, तर मोबाईल चोरीला गेला की जिथे गुन्हा नोंदवतो ते लोहमार्ग पोलीस राज्याचे. स्टेशनाच्या आवाराबाहेर पाऊल टाकलं की महापालिकेची हद्द.

ही शेवटची रेषा फेरीवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी. महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र नवी पेठेत चालतं, स्टेशनाच्या आत चालत नाही. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा रेल्वेच्या जागेला आणि गाड्यांना लागू नाही, असं त्या कायद्यातच पहिल्या कलमात लिहिलंय. आत विकायचं तर रेल्वेचाच परवाना लागतो. रेल्वे कायदा 1989 चं कलम 144 विनापरवाना विक्रीला मनाई करतं आणि सुरक्षा दल त्याखालीच कारवाई करतं.

लहान माणसासाठीचा रस्ता: एक स्थानक एक उत्पादन

कायमचे खानपान स्टॉल निविदेने जातात. त्यात अनामत, वार्षिक परवाना शुल्क, पाच वर्षांची मुदत असा मोठा व्यवहार असतो. छोट्या स्टॉलमध्ये महिलांसाठी 33 टक्के वाटा राखलेला आहे, ही चांगली गोष्ट आहे आणि ज्यांच्यापाशी भांडवल आहे त्यांनी तो जरूर मागावा. पार्किंगसारख्या ठेक्यांचा ई-लिलाव रेल्वेच्या आयआरईपीएस पोर्टलवर होतो. वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या ठेक्याला उलाढालीची अट नाही. मात्र त्यासाठी पॅन, डिजिटल सही आणि पोर्टलवर नोंदणी लागतेच.

पण चटणी, कडक भाकरी, चादरी-टॉवेल विकणाऱ्या गटाने यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी 'एक स्थानक एक उत्पादन' ही योजना आहे. 2022-23 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि मार्च 2022 मध्ये 19 स्थानकांवर तिची सुरुवात झाली. त्या भागाची ओळख असलेली वस्तू स्टेशनावर विकायला स्थानिक कारागिराला जागा द्यायची, ही कल्पना. स्टॉलचा आराखडा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा आहे. लिलाव नाही, बोली नाही. शुल्क नाममात्र, आणि मुदत थोड्या दिवसांची, कारण एकाच्या हाती अडकून न राहता पाळीपाळीने अनेकांना संधी मिळावी. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात.

पात्रता

केंद्राच्या हस्तकला किंवा हातमाग विकास आयुक्तांचं, किंवा राज्याच्या संबंधित यंत्रणेचं ओळखपत्र असलेले कारागीर आणि विणकर, खादी ग्रामोद्योग आयोग किंवा ट्रायफेडसारख्या (आदिवासींचा माल विकणारी केंद्राची संस्था) संस्थांकडे नोंद असलेले उत्पादक, नोंदणीकृत बचत गट आणि दुर्बल घटकांतले लोक अर्ज करू शकतात. वस्तू मात्र स्थानिकच हवी. बाहेरून आणलेला माल ठेवायला ही जागा नाही.

सोलापुरात इथे एक अडचण येते. आपली चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे वस्तू याच भागाची असल्याची सरकारी नोंद) आहे, पण आज त्यांचं बहुतेक उत्पादन यंत्रमागावर होतं. हातमाग विणकराचं ओळखपत्र यंत्रमागावर राबणाऱ्याला मिळत नाही. आयुष्यभर चादरी विणलेला माणूस 'विणकर' म्हणून अर्ज करतो आणि कागदावर अडतो, हे बघून जीव तुटतो. अशा घरांनी बचत गटाच्या नावाने अर्ज करावा. घरातल्या बायका गटात असतातच, शिवणकाम, घडी, पॅकिंग त्याच करतात. शहरी गटाची नोंद महापालिकेकडे असते, गावाकडच्या गटाची 'उमेद'कडे (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), काहींची 'माविम'कडे (महिला आर्थिक विकास महामंडळ). नोंदीचा कागद त्या त्या ऑफिसातून घ्या.

कागदपत्रं

नेमकी यादी विभागाच्या जाहिरातीत येते आणि तीच अंतिम, पण तयारी आधीच करून ठेवावी. अर्जदाराचं आधार आणि पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, कारागीर ओळखपत्र किंवा गटाचं नोंदणी प्रमाणपत्र, गटाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि स्टॉलवर नक्की कोण बसणार याबद्दल गटाचा सह्यांसहित ठराव. या ठरावाकडे बरेच गट दुर्लक्ष करतात. पुढे सुरक्षा दलाच्या जवानाने विचारलं तर बसणाऱ्या बाईपाशी आपलं नाव असलेला कागद हवा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केंद्राकडची नोंद) असेल तर जोडा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका.

खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच. कुमठ्याच्या बायकांची नोंदणी होती, पण पाकीट बघितलं आणि मी तिथेच थांबलो. लालभडक चटणी, वर देवीचं चित्र, गटाचं नाव मोठ्या अक्षरात. घटक पदार्थ लिहिलेले नाहीत, वजन नाही, तयार केल्याची तारीख नाही, किती दिवसांत संपवायचं ते नाही, शाकाहाराची हिरवी खूण नाही, नोंदणी क्रमांक छापलेला नाही. चव अशी की हात थांबू नये, आणि तरीही हे पाकीट स्टेशनावर चाललं नसतं. लेबल आधी दुरुस्त करा, अर्ज मग करा. रेल्वे हद्दीतल्या खाद्यपदार्थांची तपासणी रेल्वेचेच अन्नसुरक्षा अधिकारी करतात.

नावांची जुळणीही तपासून घ्या. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, गटाच्या ठरावात नुसतं 'काशीबाई', असं असेल तर अर्ज परत येतो.

अर्ज कुठे

मध्य रेल्वेच्या संकेतस्थळावर सोलापूर विभागाचं पान आहे, तिथे सूचना येतात. इंटरनेट जमत नसेल तर स्टेशन मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन योजनेची सध्याची जाहिरात विचारा. अर्ज विभागाच्या वाणिज्य शाखेच्या नावाने करायचा, म्हणजे वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या. दोन प्रती न्या. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का आणि तारीख घ्या. शुल्क रेल्वेकडेच भरायचं आणि पावती जपून ठेवायची. रोख पैसे मागून पावती न देणारा माणूस रेल्वेचा नाही, हे गटातल्या प्रत्येकीला सांगून ठेवा. पंढरपूर आणि कुर्डुवाडीचाही विचार करा. सगळ्यांचे अर्ज सोलापूर स्टेशनासाठीच येतात आणि पाळी लांबते.

उत्तरच आलं नाही, किंवा एकच माणूस महिनोन्‌महिने त्याच स्टॉलवर दिसतोय, तर माहिती अधिकारात विचारा. रेल्वे केंद्राची असल्याने अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा डीआरएम ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे द्यायचा. जिल्हाधिकारी कार्यालयात दिलात तर उगाच दिवस जातील. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न असे ठेवा: या योजनेत सोलापूर स्टेशनावर गेल्या वर्षभरात कुणाकुणाला, किती दिवसांसाठी जागा दिली आणि प्रतीक्षा यादीत किती अर्ज आहेत.

कुमठ्याच्या गटाने नवीन लेबल छापून घेतलंय. देवीचं चित्र राहिलं, फक्त थोडं वर सरकलं, खाली तारखेला आणि वजनाला जागा झाली. पोच शिक्क्याची प्रत आता त्याच पिशवीत, स्टँप पेपरच्या जागी आहे.