गुण शेवंतीचा, की स्टिलबेस्ट्रॉलचा?

पीसी-स्पेस नावाची कॅप्सूल १९९६ पासून कॅलिफोर्नियातली एक कंपनी विकत होती. 'पीसी' म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर, आणि 'स्पेस' हा लॅटिन शब्द, अर्थ 'आशा'. आत आठ वनस्पती होत्या. शेवंती, ज्येष्ठमध, जिनसेंगचा एक प्रकार, रेशी नावाची अळंबी अशा सात चिनी वैद्यकातल्या. आठवी अमेरिकेतल्या सॉ पाल्मेटो या बुटक्या ताडाची.

आणि गुण येत होता, हे आधी मान्य करायला हवं. १९९८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आठ रुग्णांची माहिती छापून आली. आठही जणांच्या रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं आणि गाठ वाढली की बहुधा वाढणारं प्रथिन, उतरला होता. हा आकडा घरच्यांसाठी काय असतो ते मी जवळून पाहिलंय. मामांच्या फायलीत दर रिपोर्टवरच्या पीएसएभोवती निळ्या पेनाने गोल काढलेला असे, आणि आकडा उतरला की मामी देवापुढे साखर ठेवत.

पण पीएसए दोन अगदी वेगळ्या वाटांनी उतरू शकतो. पहिली वाट थेट गाठीची: वनस्पतीतलं द्रव्य कर्करोगाच्या पेशीची वाढ रोखतं किंवा तिला मारतं. या मिश्रणातल्या हुआंग छिनच्या मुळातलं बायकॅलिन आणि राब्डोसिया या वनस्पतीतलं ओरिडोनिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर असं करताना दिसलंय. मात्र काचेच्या बशीत पेशींवर द्रव्य हवं तेवढं ओतता येतं. कॅप्सूल गिळल्यावर पोट, यकृत पार करून तेवढंच द्रव्य गाठीपर्यंत पोचेल असं नाही.

दुसरी वाट लांबून जाते. शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं काही गेलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना इशारा देणं कमी करते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन घटतं, आणि त्यावर पोसलेली गाठ मंदावते. हे नवं नाही. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन याच कामासाठी १९४० च्या दशकापासून वापरात होतं. त्याची ओळखीची खूण म्हणजे छाती दुखरी होणं, कामेच्छा जाणं, शिरेत रक्ताची गुठळी होणं. १९९८ च्या त्या आठही जणांची छाती दुखत होती, कामेच्छा गेली होती, आणि एकाला गुठळीही झाली होती. म्हणजे वाट दुसरी होती. तरी संशोधकांना तेव्हाच्या तपासणीत डीईएस सापडलं नाही. वनस्पतींमध्येच इस्ट्रोजेनसारखं काही असावं असं त्यांनी लिहिलं.

२००२ मध्ये चित्र पालटलं. वेगवेगळ्या वर्षांचे साठे तपासले तेव्हा १९९६ ते १९९९ च्या मध्यापर्यंतच्या मालात डीईएस आणि इंडोमेथासिन हे वेदनाशामक निघालं. जुलै १९९८ नंतरच्या मालात वॉरफरिनही होतं, रक्त पातळ करणारं. जुना माल नव्यापेक्षा इस्ट्रोजेनच्या मोजमापात ५० पटींपर्यंत जोरकस होता. त्याच वर्षी औषध बाजारातून काढून घेतलं गेलं.

मग सगळा गुण भेसळीचाच? मला इथे थांबावंसं वाटतं, कारण आकडे इतके सरळ नाहीत. जुन्या मालात ग्रॅममागे साधारण १०७ ते १५९ मायक्रोग्रॅम डीईएस होतं. रोज ३२० मिलिग्रॅमच्या नऊ कॅप्सूल धरल्या तरी पोटात जाणार अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. डॉक्टर देत ते एक ते तीन मिलिग्रॅम. पीसी-स्पेस आणि ३ मिलिग्रॅम डीईएस यांची एका चाचणीत थेट तुलनाही झाली होती, तेव्हा पीएसए निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलेले रुग्ण पीसी-स्पेसकडे ४० टक्के होते, डीईएसकडे २४. पण त्या कॅप्सूलमध्येही डीईएस निघालं आणि चाचणी मध्येच सोडावी लागली. वनस्पतींचा स्वतःचा वाटा असेलही. भेसळीने तो मोजण्याची संधीच हिरावून घेतली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या रुग्णांनी आपला वेळ आणि शरीर या उत्तरासाठी दिलं होतं.

घरात कुणी प्रोस्टेटसाठी चूर्ण किंवा कॅप्सूल घेत असेल, तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासायला सांगा. तेही खाली आलं असेल, तर डबीत हार्मोनसारखं काही आहे का, हे तिथेच विचारा. छाती दुखते का आणि पोटरी सुजली आहे का, हेही न लाजता सांगा.