हॅलोविनच्या कागदी खाऊपिशवीची पार्श्वभूमी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिका आणि कॅनडातील अनेक घरांत व बालवाड्यांत तपकिरी कागदी पिशव्या, नारिंगी आणि काळा रंग, बोथट टोकांच्या कात्र्या आणि गोंद यांचा पसारा मांडला जातो आणि ३१ तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे हॅलोविन या सणाला, दारोदार खाऊ मागताना हातात धरायची पिशवी मुले स्वतः सजवतात. ही हस्तकला इतकी साधी आहे की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात मात्र दारोदार मागण्याची कित्येक शतकांची चाल आणि एकोणिसाव्या शतकातील यंत्रांनी घडवलेली सपाट बुडाची पिशवी हे दोन अगदी वेगळे प्रवाह तिच्यात मिळतात, आणि ते मिळायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

मागण्याची चाल पिशवीपेक्षा फार जुनी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या संधीवर, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री, साउइन हा तेथील प्राचीन केल्ट लोकांचा सण पाळला जात असे. पुढे १ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस ख्रिस्ती पंचांगात स्थिर झाला. इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे आणि मुले घरोघर जाऊन त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबद्दल त्यांना मसाला घातलेली छोटी गोल केकसारखी भाकर मिळे. चेशायर, श्रॉपशायर अशा परगण्यांत ही प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली. स्कॉटलंडमधील मुले सोंगे घेऊन, चेहऱ्याला काजळी फासून, सलगम कोरून केलेले कंदील हाती घेऊन फिरत आणि एखादे गाणे किंवा कविता म्हणून दाखवल्यावर त्यांना सफरचंद, कवचाची फळे किंवा एखादे नाणे मिळत असे. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी, ती अशी की या सर्व प्रथांत मागणारा रिकाम्या हाताने मागत नसे. प्रार्थना असो वा गाणे, तो आपल्याकडचे काहीतरी आधी देत असे. मिळणारा खाऊही मूठभरच असल्याने तो खिशात किंवा ओच्यात सहज मावत असे.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळामुळे झालेल्या स्थलांतराबरोबर, हॅलोविनचा हा सण अमेरिकेत रुजला आणि सलगमाची जागा तेथील भोपळ्याने घेतली. तेथे बराच काळ दारोदार मागण्यापेक्षा खोड्यांचेच प्रस्थ अधिक होते. अंगणाची फाटके उचलून नेणे, खिडक्यांना साबण फासणे, परसातील शौचकूप उलथवणे असे प्रकार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इतके वाढले की गावोगावच्या मंडळींना मुलांना दुसरीकडे गुंतवण्याची निकड भासू लागली. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने १९२० मध्ये त्यासाठीच मिरवणूक आणि खाऊवाटप सुरू केले. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी सोसा’ अशा अर्थाची ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही आरोळीही याच काळातील असून तिचे आरंभीचे छापील उल्लेख १९१७ ते १९२७ या वर्षांतील कॅनडाच्या वृत्तपत्रांत आढळतात.

पिशवीची कथा मात्र वाण्याच्या दुकानातून सुरू होते. पेन्सिल्वेनियातील फ्रान्सिस वोल यांनी १८५२ मध्ये कागदी पिशव्या तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, परंतु त्यांची पिशवी पाकिटासारखी चपटी होती. ती टेबलावर उभी राहत नसे आणि तिच्यात वस्तू नीट बसत नसत. सपाट बुडाची पिशवी हातानेच चिकटवावी लागे. स्प्रिंगफील्ड येथील एका कागदी पिशव्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मार्गारेट नाइट यांनी कागद कापणे, दुमडणे आणि बूड चिकटवणे ही तिन्ही कामे एकापाठोपाठ करणारे यंत्र तयार केले. त्याची लोखंडी प्रतिकृती घडवली जात असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसाने ती पाहिली आणि स्वतःच्या नावाने पेटंट मागितले. नाइट यांनी आपली रेखाटने, नोंदी आणि साक्षीदार पुढे करून हा दावा लढवला व जिंकला, आणि १८७१ मध्ये पेटंट त्यांच्या नावावर झाले. एका कामगार स्त्रीने चिकाटीने मिळवलेला हा न्याय मुलांसमोर पिशवी ठेवताना अवश्य सांगावा असे मला वाटते, कारण ज्या बुडावर ती पिशवी उभी राहते, त्याची घडी यंत्राकरवी घालण्याची युक्ती या बाईंची आहे.

त्यानंतर १८८३ मध्ये चार्ल्स स्टिलवेल यांनी दोन्ही बाजूंना आत दुमडलेल्या घड्या असलेली पिशवी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ही पिशवी मिटली की पूर्ण सपाट होते आणि एका झटक्यात उघडून आपोआप उभी राहते. मुलांच्या हस्तकलेत आजही वापरली जाते ती हीच घडण होय. सेंट पॉल शहरातील किराणा दुकानदार वॉल्टर ड्युबनर यांनी १९१२ च्या सुमारास पिशवीच्या अंगाखालून दोरी फिरवून तिलाच मुठीचे रूप दिले, त्यामुळे गिऱ्हाईकाला एका हाताने जड सामान नेता येऊ लागले. पिशवीचा तपकिरी कागद ‘क्राफ्ट’ या नावाने ओळखला जातो. या शब्दाचा हस्तकलेशी संबंध नसून जर्मन भाषेत त्याचा अर्थ बळ असा आहे, आणि लाकडाच्या लगद्यातील धागे लांब राखणाऱ्या रासायनिक प्रक्रियेमुळे त्या कागदाला ते बळ येते.

कागदाच्या हस्तकलेला बालशिक्षणात स्थान मिळाले ते जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांच्यामुळे. त्यांच्या बालोद्यानात कागद दुमडणे, कापणे आणि विणणे हे खेळ नव्हे तर अभ्यासाचे भाग होते. ही पद्धत १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील जर्मन भाषक शाळेतून आणि १८६० मध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांच्या बॉस्टनमधील शाळेतून अमेरिकेत पोहोचली. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने क्रेप कागदाचा खप वाढवण्यासाठी १९०९ मध्ये हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली आणि पुढे ती अनेक वर्षे प्रसिद्ध होत राहिली. त्यामुळे मांजर, वटवाघूळ, चेटकीण आणि भोपळा ही चित्रे, तसेच नारिंगी व काळ्या रंगांची जोडी मध्यमवर्गीय घरांत पक्की झाली. त्या काळातील कागदकाम मुख्यतः घरच्या मेजवान्यांसाठी होते, कारण खाऊ घरातच वाटला जाई.

महायुद्धात साखरेवर १९४२ पासून १९४७ पर्यंत नियंत्रण होते. ते उठल्यावर, नव्याने वसलेल्या आणि शेजारघरे एकमेकांना लागून असलेल्या उपनगरांत, दारोदार खाऊ मागण्याची प्रथा देशभर पसरली. एका संध्याकाळी अनेक घरे फिरायची म्हटल्यावर खिसा पुरेना. मग उशीचा अभ्रा किंवा स्वयंपाकघरात घडी घालून ठेवलेली किराण्याची पिशवी मुलांच्या हाती आली. माझ्या मते वाण्याच्या पिशवीची आणि जुन्या मागण्याची खरी गाठ येथे पडली. याच सुमारास, १९५० मध्ये, फिलाडेल्फिया भागातील अ‍ॅलिसन दांपत्याने मुलांकडून दुधाच्या कागदी खोक्यांत युनिसेफसाठी नाणी गोळा करवली आणि पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले.

त्यानंतरचा बदल भीतीतून झाला. अनोळखी लोक मिठाईत विष किंवा पाती घालतात अशा वार्ता १९६० च्या दशकापासून पसरत गेल्या आणि १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा विषारी मिठाईने मृत्यू झाल्यावर ही धास्ती फार वाढली, जरी त्या प्रकरणात दोषी ठरला तो मुलाचा स्वतःचा पिता. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी माणसाने अशा रीतीने मुलाचा जीव घेतल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना मिळाले नाही. तरीही घरी केलेले लाह्यांचे लाडू आणि बिस्किटे परडीतून नाहीशी झाली व वेष्टनबंद गोळ्या-चॉकलेटे तेवढी उरली. पोशाखही बहुतांशी विकतचे झाले आणि प्लॅस्टिकच्या भोपळ्याच्या बादल्या सर्वत्र मिळू लागल्या. अशा परिस्थितीत मुलाच्या हातची वस्तू म्हणून पिशवी टिकून राहिली याला मी महत्त्व देतो. गाणे आणि प्रार्थना मागे पडल्यावर, दारात उभ्या असलेल्या मुलाने स्वतः काही केल्याची तीच एक खूण उरली आहे.

अमेरिकेतील मराठी घरांत हा सण बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. आकाशकंदील करणाऱ्या मुलाला ही पिशवी अवघड वाटत नाही: मिटलेल्या पिशवीचे बूड वरच्या बाजूला दुमडलेले असते, तो पाळ उचलला की राक्षसाचे तोंड उघडते, त्याखाली पांढऱ्या कागदाचे दात चिकटवता येतात आणि वरच्या भागावर डोळे. मुठीसाठी कागदाची पट्टी दुहेरी घेऊन पिशवीच्या आतल्या बाजूने चिकटवावी लागते, कारण संध्याकाळच्या दवाने कागद ओलावला आणि खाऊचे वजन वाढले की बाहेरून लावलेली मूठ सर्वात आधी निसटते.