सिकलसेल आणि जन्माआधीचं हिमोग्लोबिन

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने अगदी ठणठणीत असतं. दूध पितं, वजन वाढतं, घरच्यांना शंकासुद्धा येत नाही. मग सहा महिन्यांच्या आसपास एके दिवशी त्याच्या हातापायांची बोटं टम्म सुजतात आणि ते कोणालाही हात लावू देत नाही. आजाराची ही पहिली खूण बऱ्याचदा मुका मार किंवा सांध्यांचा ताप समजून सोडून दिली जाते.

दोष जन्मापासून आहे, मग हे सहा महिने बाळाला कोण सांभाळतं? १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना हा प्रश्न पडला. नवजात बाळांचं रक्त तपासून त्यांनी अंदाज मांडला, की गर्भात असताना बाळ जे वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, तेच त्याचं रक्षण करत असावं. तो अंदाज खरा ठरला. आज सिकलसेलवर जे काही आशादायक चाललं आहे, त्याचा मोठा भाग या एका निरीक्षणातून निघालेला आहे. अठरा कोटींचा जनुकीय उपचार त्यातलाच, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी एक साधी कॅप्सूलही त्यातलीच. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे पुरेशी कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी दोष काय आहे ते पाहू. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. सिकलसेलमध्ये या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं. केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५०च्या दशकात हा फरक नेमका पकडला. बदल एवढासाच, पण प्राणवायू सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे तयार होतात आणि गोल, लवचीक असलेली लाल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत मरते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडं, छाती, पोट यांत भयंकर वेदना उठतात. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. काही मुलांना तर शाळेच्या वयात पक्षाघात होतो.

गावातल्या शिबिरात या आजाराची पहिली चाचणी कशी होते, ते पाहण्यासारखं आहे. बोट टोचून घेतलेला रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावणातल्या रसायनांनी लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू निघून जातो. काही मिनिटांनी नळीमागे रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्तात दोष नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर आत ते धागे तयार झालेले आहेत. पेशीच्या आत जे घडतं तेच इथे नळीत डोळ्यांना दिसतं. ही सोल्युबिलिटी टेस्ट. एवढ्यावरून माणूस वाहक आहे (एकच जनुक सदोष) की रुग्ण (दोन्ही सदोष), हे मात्र कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी करावीच लागते. मग कळतं, पॅटर्न एएस (वाहक) की एसएस (रुग्ण). वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार, धुळे, पालघर या भागांत ही कार्डं अनेक घरांत सापडतील. आदिवासींमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि काही इतर मागासवर्गीय समाजांमध्येही हा आजार आहे. त्यामुळे ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून कोणी हात झटकू नयेत. ज्या पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. तरीही दोष सुनेच्याच माथी मारला जातो, हे फार संतापजनक आहे.

आता पुन्हा त्या सहा महिन्यांकडे. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. ती सिकलच्या धाग्यात नीट बसत नाही, त्यामुळे धागा लांबत नाही. जन्मानंतर शरीर हळूहळू गॅमाचं उत्पादन थांबवून बीटाचं सुरू करतं, आणि बीटा सदोष असेल तर आजार डोकं वर काढतो. जगात काही मोजकी माणसं अशी असतात, की ज्यांचं गॅमाचं उत्पादन कधी थांबतच नाही. त्यांच्यात सिकलचा दोष असला तरी त्रास फारसा होत नाही. म्हणजे बिघडलेलं जनुक दुरुस्त न करताही आजार आवरता येईल, फक्त जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता आलं पाहिजे.

पहिली वाट सापडली ती एका जुन्या कर्करोगाच्या औषधात. हायड्रॉक्सियुरियाने अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गरावर, ताण येतो आणि गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, हे १९८०च्या दशकात दिसलं. १९९५ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत वेदनेचे झटके वर्षाला मध्यम हिशेबाने ४.५ होते, तर औषध घेणाऱ्यांत २.५. पुढे अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या लहान मुलांवर चाचणी झाली. मलेरियाच्या प्रदेशात, मर्यादित साधनांच्या दवाखान्यांत हे औषध चालेल का, अशी शंका अनेकांना होती. २०१९ मध्ये निकाल आला: वेदना कमी झाल्या, रक्त चढवण्याची गरज घटली, मलेरिया कमी झाला आणि मृत्यूही घटले.

भारतातल्या रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मुळातच थोडं जास्त असतं, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं बराच काळ मानलं जायचं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी या समजाला धक्का दिला. मध्य भारतातल्या अनेक मुलांचा आजार चांगलाच तीव्र असतो. याच गटाने हेही दाखवलं, की वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, इतक्या कमी आणि ठरावीक मात्रेतही हायड्रॉक्सियुरिया या मुलांना लागू पडतं. जिथे दर महिन्याला रक्त तपासून मात्रा वाढवत नेणं शक्य नाही, तिथल्या डॉक्टरांना हा मोठाच आधार आहे.

दुसरी वाट जनुकशास्त्रातून आली. काहींच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त का राहतं, हे शोधताना २००७-०८ च्या सुमारास दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेलं. बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की गॅमाचं उत्पादन दाबून टाकण्याचं काम हेच जनुक करतं. मग ते जनुकच कापून टाकलं तर? तसं करता येत नाही, कारण मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही ते लागतं. तोडगा २०१३ मध्ये मिळाला. या जनुकाच्या आतच डीएनएचा एक छोटा तुकडा असा आहे, की तो फक्त लाल पेशींच्या वंशात जनुकाला चालना देतो. तेवढाच तुकडा मोडायचा. घराचा मेन स्विच न पाडता एकाच खोलीचं बटण बंद करावं, तसं.

हे बटण बंद करायला हत्यार मिळालं ते क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र. त्यासाठी इमॅन्युएल शारपँतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या उपचाराचं नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात. क्रिस्परवर आधारलेला आणि मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार. अमेरिकेने मान्यता देताना पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा एकही तीव्र झटका आला नव्हता. आधी हेच लोक वर्षातून अनेकदा रुग्णालयात भरती होत होते.

पण हा उपचार म्हणजे एक इंजेक्शन घेऊन घरी जाणं नव्हे. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशी, गोळा करतात. एका फेरीत पुरेशा मिळाल्या नाहीत, तर पुन्हा. त्या प्रयोगशाळेत जातात, तिथे त्यांच्यात बदल करतात, तपासतात, गोठवतात. यात काही महिने जातात. मग रुग्णाला बसल्फान हे तीव्र औषध देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. तोंड सोलवटतं, केस जातात, प्रतिकारशक्ती शून्यावर येते, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. त्यानंतर बदललेल्या पेशी शिरेवाटे सोडतात आणि त्या रुजेपर्यंत काही आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. २०२४ मध्ये अशाच धर्तीच्या दुसऱ्या एका उपचाराच्या चाचणीत एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि त्याचा संबंध बसल्फानशी असावा असं आढळलं. जनुक बदलण्याचं तंत्र सुधारलं, तरी मज्जा रिकामी करण्याची रीत अजून जुनी आणि कठोरच आहे.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. गडचिरोलीतल्या धानोरा किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या कुटुंबासाठी हा आकडा अर्थहीन आहे.

म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या, संस्थेत चाललेल्या कामाकडे माझं विशेष लक्ष आहे. देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने दुसऱ्या एका जिवाणूतलं, जास्त अचूक कापणारं क्रिस्परचं प्रथिन विकसित केलं आणि त्यावर सिकलसेलचा उपचार उभा केला. बिरसा मुंडा यांच्यावरून त्याला ‘बिरसा १०१’ असं नाव दिलं आहे, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. परदेशी पेटंटचा भार नसेल आणि उत्पादन इथेच होईल, तर किंमत बरीच खाली येऊ शकते. तरीही मज्जा रिकामी करणं, निर्जंतुक खोली, आठवडेच्या आठवडे रुग्णालय हे सगळं राहणारच. हा उपचार अगदी गंभीर रुग्णांपुरता आणि मोठ्या शहरांपुरताच राहील, असं मला वाटतं.

त्यामुळे मला अधिक आस आहे ती तिसऱ्या वाटेची. गर्भातलं हिमोग्लोबिन दाबणारी प्रथिनं गोळीने हटवता आली तर? नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये विझ नावाच्या अशाच एका प्रथिनाचा पेशीकडूनच नाश करवणारा रेणू जाहीर केला. उंदरांमध्ये आणि माकडांमध्ये त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवलं. इतर काही गोळ्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत आहेत. इथे घाईने आनंद करू नये. सिकलसेलवरचं व्हॉक्सेलोटॉर हे औषध रक्ताचं प्रमाण चांगलं वाढवायचं, पण चाचण्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी चिंताजनक दिसल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस बरा होणं यांत अंतर असतं.

तोवर हातात आहे ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. तपासणी होते, कार्ड मिळतं, आणि पुष्कळदा गोष्ट तिथेच थांबते. लाल कार्ड असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांना थेट विचारावं, याला हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचं का? औषध रोज घ्यावं लागतं. परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून दुखणं लगेच थांबलं नाही तरी ते सोडू नये. मधूनमधून रक्त तपासून पांढऱ्या पेशी फार उतरल्या नाहीत ना, हे पाहावं लागतं. गर्भारपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. ‘कर्करोगाचं औषध’ म्हणून घाबरून ते बंद करणारी कुटुंबं खूप आहेत. त्यांना आशाताईंनी किंवा शिक्षकांनी आफ्रिकेतल्या त्या मुलांचा निकाल सांगावा. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना हे सगळं औषधाच्या जोडीला हवंच. दवाखान्याची फेरी परवडत नाही म्हणून औषध तुटत असेल, तर सिकलसेलच्या रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, तिची चौकशी जवळच्या आगारात करावी.