गडावर निघण्याआधी: श्रमात, उन्हात आणि गारठ्यात शरीर काय करतं

आमच्यासोबत ट्रेकला येणारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. उन्हाळ्यात नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पहाटे चारलाच का निघायचं? आणि चढताना एवढं हळू का चालायचं? दोन्हींची उत्तरं तुमच्या शरीरातच आहेत. ती कळली की आमच्या सूचनांचा जाच वाटणार नाही, म्हणून हे पत्रक. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातल्यांसोबत एकदा वाचा.

चढ लागतो तेव्हा

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. खडा चढ सुरू झाला की हृदय मिनिटाला १५ ते २० लिटरपर्यंत रक्त ढकलू लागतं आणि त्यातलं बहुतेक मांड्या-पोटऱ्यांकडे वळतं. पोट आणि आतड्यांचा वाटा तेवढ्यापुरता घटतो. निघण्याआधी भरपेट मिसळ नको, असं आम्ही सांगतो ते यासाठी. परतताना हक्काने थांबू. पहाटे केळं, थोडे पोहे किंवा पोळी-गूळ पुरे.

सुरुवातीची काही मिनिटं सगळ्यांनाच जड जातात, कारण हृदय आणि श्वास यांना नवा वेग पकडायला तेवढा वेळ लागतो. तिथेच घाबरून ‘मला जमणार नाही’ असं ठरवू नका. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण विरळ हवेचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो. पायथ्याच्या बारी गावातून चढताना लागणारी धाप चढाची असते, उंचीची नव्हे. वेग बरोबर आहे की नाही, याची खूण सोपी आहे: चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

जोरात चढून आल्यावर धपकन बसू नका किंवा एका जागी ताठ उभे राहू नका. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते एकदम थांबले की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. दोन-तीन मिनिटं हळूहळू फिरा, मग बसा.

ऊन

सर्वांत जास्त काळजी आम्हाला उन्हाची असते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा फार तर पाव भाग चालण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं तर ती बाहेर काढावीच लागते. त्यासाठी शरीर रक्त कातडीकडे पाठवतं आणि घाम आणतं. अडचण अशी की स्नायूंनाही तेच रक्त हवं असतं. घामामुळे रक्तातलं पाणी घटत जातं, तशी ओढाताण वाढते. म्हणून जानेवारीत जो चढ तुम्ही सहज चढलात, त्याच वेगाने एप्रिलमध्ये चढताना छाती धडधडते. तुमचा दमसास कमी झालेला नसतो, हृदयावर दोन कामं एकदम पडलेली असतात. उन्हात वेग कमी करणारा ट्रेकर आमच्या लेखी शहाणा ट्रेकर आहे.

घाम आला म्हणजे अंग गार झालं, असंही नाही. तो वाळला पाहिजे. माठ झिरपतो आणि ते पाणी वाऱ्याने उडतं, तेव्हाच आतलं पाणी थंड होतं. शरीराचंही तसंच आहे. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, पण टपकून मातीत पडलेला घाम वाया जातो. चैत्रात आपल्याकडची हवा कोरडी असते. घाम लगेच उडतो, त्यामुळे किती पाणी गेलं हे लक्षातच येत नाही. पावसाच्या तोंडावर हवा दमट होते, तेव्हा घामाच्या धारा लागतात आणि तरीही अंग निवत नाही. हवा ३५-३६ अंशांच्या वर गेली की कातडीतून उष्णता बाहेर पडण्याऐवजी उलट आत येऊ लागते. मग घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. त्यात आपल्या गडांचा काळा कातळ दहा-अकरापर्यंत चांगलाच तापतो आणि खालूनही झळ देतो. पहाटे चारचं उत्तर हे.

भर उन्हात चढताना तासाला १ लिटरपेक्षाही जास्त घाम जाऊ शकतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. पण नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसू नका. घामाबरोबर मीठ जातं. वरून फक्त पाणी ओतलं तर रक्तातला क्षार पातळ होतो, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, काहीही चालेल. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अर्ध्या बाटलीत नको. खिशातला कांदा ऊन थांबवत नाही, तो भाकरीबरोबर खा.

उन्हाची सवय होते, ही चांगली बातमी. रोज तासभर उन्हात चाललं तर १० ते १४ दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. चैत्रात वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला पायी निघणाऱ्यांनी दोन आठवडे आधी, सकाळच्या कोवळ्या उन्हापासून थोडं थोडं वाढवत अशी तयारी करावी. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी तर नक्कीच. काही आठवडे सोडलं की ही सवय मोडते.

आता धोक्याची खूण. चक्कर, मळमळ, पायांत गोळे आले तर सावलीत आडवं व्हा, पाय उंच ठेवा, मीठ-साखरेचं पाणी प्या. पण सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, चिडचिड करू लागला तर तो उष्माघात धरा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. लगेच कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला आणि १०८ला फोन करा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

गारठा आणि पाऊस

निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो, ते नाशिककरांना सांगायला नको. पण आमच्या मते खरा धोका त्या कोरड्या थंडीपेक्षा पावसाळ्यात जास्त असतो. हरिहर गडाच्या पायऱ्या चढताना अंग भिजतं, माथ्यावर वारा झोडपतो आणि रांगेत थांबावं लागतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २० अंशांतही माणूस गारठू शकतो. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

थंडीत शरीर आधी हातापायांचं रक्त आत ओढतं, म्हणून बोटं बधिर होतात. मग हुडहुडी भरते; ते स्नायूंचं उष्णता तयार करणंच असतं. भिजलेला माणूस कुडकुडायचा थांबला, पण सुस्तावला आणि बोलणं जड झालं, तर त्याला बरं वाटतंय असं मुळीच समजू नका. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, आडोशाला न्या, पूर्ण शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या. सुती टी-शर्ट भिजला की वाळत नाही, म्हणून एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाच. दारूने ऊब येते हा भ्रम आहे: कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली उष्णता बाहेर जाते. आमच्या सहलीत ती चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर तो उतरणीचा परिणाम. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांना सूक्ष्म इजा होते. दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

नावनोंदणी करताना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांची माहिती आणि चालू औषधं आम्हाला सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी नाडीचा वेग दबतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. साठीच्या पुढे तहान उशिरा कळते, लहान मुलं लवकर गारठतात. त्याप्रमाणे तुमची तुकडी आणि वेग आम्ही ठरवतो. आदल्या दोन दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील तर येऊ नका, फक्त कळवा. तुमचे पैसे पुढच्या ट्रेकला धरू.