नाव खोडलं, तरी माणूस सापडतो

जुन्या फायली रद्दीत देण्याआधी पुण्यातले सावध लोक एक काम हमखास करतात, नावावर काळं स्केचपेन फिरवतात. पण डिस्चार्ज समरीवर किंवा मेडिक्लेमच्या फॉर्मवर जन्मतारीख, लिंग आणि पत्ता तसाच राहतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

साधा हिशेब करू. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०. समजा, त्यात पन्नास हजार माणसं राहतात. वर्षाचे ३६५ दिवस, साधारण ८० जन्मवर्षं आणि स्त्री किंवा पुरुष, यांचा गुणाकार ५८,४००. जन्मतारीख आणि लिंगाच्या प्रत्येक जोडीला एक खण धरला, तर माणसांपेक्षा खणच जास्त! सगळी माणसं या खणांत योगायोगाने विखुरली, तर सुमारे चाळीस टक्के लोक आपापल्या खणात एकटे पडतात. उरलेल्यांनाही बहुधा एखाद-दुसराच जोडीदार.

अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने १९९७ च्या सुमारास हे करूनच दाखवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनीने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडातला एकच. झालं, राज्याच्या प्रमुखाची वैद्यकीय नोंद हातात!

चोराला तुमच्या मधुमेहात रस नसतो. त्याला तुमच्या पॉलिसीत असतो. तुमच्या नावावर कुणी उपचार घेतले, तर विम्याची रक्कम घटतेच, शिवाय न झालेला आजार तुमच्या खात्यावर चढतो. पुढे नवी पॉलिसी घेताना तो ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून आडवा येतो. एटीएम कार्ड ब्लॉक करून नवं मिळतं. जन्मतारीख कुठून बदलणार?

म्हणून कागद सरळ फाडा, बारकोडच्या चिकटपट्टीसकट. औषधाच्या पाकिटावरचं लेबलही. आधारची प्रत मागितली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार चालेल का, ते आधी विचारा. झेरॉक्सच द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. काउंटरवरचा माणूस कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हा रिपोर्ट कुणी डॉक्टर बघेल का’ म्हणून पूर्ण पीडीएफ टाकण्याची सवय मात्र मला सगळ्यात धोक्याची वाटते.

आता नोंदी डिजिटल होत आहेत. त्या एका दवाखान्यातून दुसऱ्यात वाचता याव्यात यासाठीच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. १४ अंकी ‘आभा’ (सरकारी आरोग्य खातं) क्रमांकाच्या व्यवस्थेत नोंद पाहायला तुमची संमती लागते. ती देताना कोणत्या नोंदी आणि कधीपर्यंत, हे ठरवता येतं. नंतर ती मागेही घेता येते. पण घाईत आलेला ओटीपी फोनवर कुणाला सांगून टाकला, तर या सोयीचा उपयोग शून्य.

वर्षातून एकदा विमा कंपनीकडून क्लेमचा तपशील मागवा. त्यात आपण कधी न चढलेल्या पायऱ्यांचं हॉस्पिटल दिसलं, तर कंपनीला लेखी कळवा, पोचपावती घ्या, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.