मध्यम शहरे : वर्गीकरण व स्थित्यंतर

महानगरे आणि लहान नगरे यांच्या मधल्या फळीतील शहरे. त्यांची सर्वमान्य व्याख्या नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटना २ ते ५ लाख वस्तीच्या नागरी क्षेत्राला मध्यम म्हणते, तर चीनच्या २०१४ च्या वर्गवारीत हा पट्टा ५ ते १० लाखांचा आहे. साडेतीन लाखांचे शहर अशा रीतीने एका यादीत मध्यम ठरते, दुसरीत लहान. भारतीय जनगणनेत १ लाख व त्यावरील सगळी शहरे पहिल्या वर्गात जातात. तिथे मध्यम शहर आणि महानगर एकाच रकान्यात येतात.

लोकसंख्येच्या आकड्यात आणखी एक गोम आहे, ती हद्दीची. शेजारची गावे पालिकेत घेतली की शहर एका आदेशाने ‘वाढते’. नवा माणूस मात्र एकही आलेला नसतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेली पद्धत प्रशासकीय हद्द बाजूला ठेवते. नकाशाचे एकेक चौ. किमी.चे चौकोन पाडायचे; दर चौ. किमी.ला किमान १,५०० लोक असलेल्या सलग चौकोनांत मिळून ५०,००० वस्ती भरली, की ते शहर.

आकारापेक्षा कार्यावरून केलेली विभागणी अधिक बोलकी असते. भूगोलज्ञ चाँसी हॅरिस (१९४३) आणि हॉवर्ड नेल्सन (१९५५) यांनी अमेरिकी शहरांसाठी ती केली. नेल्सन यांनी रोजगाराचे नऊ गट पाडले. एखाद्या गटातील प्रमाण सर्व शहरांच्या सरासरीपेक्षा निदान एका प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) जास्त असेल, तर ते त्या शहराचे वैशिष्ट्य मानले. एका शहराला दोन-तीन वैशिष्ट्ये मिळू शकतात, काहींना एकही नाही. मध्यम शहरांना ही मोजपट्टी चांगली लागू पडते, कारण महानगरात सगळेच व्यवसाय सापडतात. मध्यम शहर बरेचदा एखाद्या गिरणीवर, बंदरावर किंवा विद्यापीठावर उभे असते.

आधार एकच असला की तो सुटणे जड जाते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील यंग्जटाउन हे पोलादाचे शहर. १९३० मध्ये वस्ती १.७० लाख, १९७० पर्यंत १.४० लाख, म्हणजे ओहोटी आधीच लागली होती. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तिथल्या मोठ्या पोलाद कंपनीने परिसरातील आपला प्रमुख कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि घसरण वेगावली. २०२० मध्ये उरले सुमारे ६०,०००. नेदर्लंड्समधील आइंडहोवनमध्येही १९९० च्या दशकारंभी फिलिप्स या विद्युत उपकरणांच्या कंपनीची नोकरकपात आणि १९९३ मध्ये ट्रक बनवणाऱ्या डाफची दिवाळखोरी असे दोन तडाखे बसले. मात्र तांत्रिक विद्यापीठ, सुटे भाग पुरवणारे उद्योग आणि कसबी मनुष्यबळ तिथेच टिकले. त्यावर उच्च तंत्रज्ञानाची यंत्रनिर्मिती उभी राहिली. नेल्सन यांच्या तक्त्यात ही दोन्ही शहरे कारखानदारीच्याच ओळीत बसली असती. एका वेळचे चित्र अपुरे पडते ते इथे. वाढती, स्थिर, आक्रसणारी आणि सावरलेली अशी वाटचालीवरची विभागणी त्याला जोडावी लागते.

स्थानाचा निकष त्यानंतरचा, पण दुय्यम नव्हे. महानगराजवळच्या शहराला तिथला विमानतळ, बाजार, तज्ज्ञ सेवा आयत्या मिळतात. नागरी अर्थकारणाचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९७३ मध्ये याला उसना आकार म्हटले. उलटही घडते : मोठी दुकाने, नाट्यगृहे, बडी रुग्णालये महानगराकडे ओढली जातात आणि शहर निव्वळ झोपायला येण्याची जागा होते. लांबवरच्या एकट्या शहराला हा धोका कमी. आसपासच्या प्रदेशाचे इस्पितळ, न्यायालय आणि महाविद्यालय त्यालाच सांभाळावे लागते.